आईकडचं गोत्र

१२ जाने., रवि.
पानिपतचे पाहुणे येऊन गेले. आमच्या लेकीचं, रेवाचं लग्न पक्कं करायला आले होते. नवरा मुलगा सुमित, त्याचे वडील धरमपालजी, आई सावित्रीजी. हायवेवर धुकं, त्यामुळे जेवणं उशिरा. धरमपालजींच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आपण पानिपतच्या लढाईनंतर मागे राहिलेले मराठे. त्यामुळे आमच्यावर भारी लोभ. "खून तो एक ही है जी," परत परत. पुरणपोळी आवडीने खाल्ली.

मग रे.ने मोबाइल काढला. तिने आणि सुमितने हौसेने थुंकी पाठवून जनुकांची तपासणी करून घेतली होती. दोघांचा आईकडून आलेला वंशगट एकच, एम. झालं. श्रीकांतच्या जिभेला हाड नाही हे मला लग्नापासून माहीत आहे.
"लीजिए, बच्चे तो एक ही गोत्र के निकले!"
मी हसले. रे. हसली. पाहुणे हसले नाहीत.
धरमपालजींनी कप खाली ठेवला. "म्हारे तो मां का गोत भी छोड्या करैं." म्हणजे त्यांच्यात लग्न जुळवताना आईच्या गोत्रातलं स्थळही टाळतात.
श्री सावरायला गेला. "अजी हमारे यहां तो मामा की लड़की भी चलती है. मेरे मां-बाप का वैसा ही रिश्ता था."
पाहुणे उठलेच. चहा तसाच राहिला.

१३ जाने.
रे. रडली नाही. डबा न घेता गुडगावला ऑफिसला गेली. रडली असती तर बरं वाटलं असतं. सुमितचा मेसेज : पापा सोच रहे हैं. तो वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न करणार नाही, हे त्याने आधीच सांगितलंय. आज करोल बागेत साड्या बघायच्या होत्या. गेलो नाही. श्रीशी बोलत नाहीये.

१८ जाने., शनि.
श्रीने धरमपालजींना फोन केला. ऑफिसात फाइलवर टिप्पणी लिहितो तसं मुद्देसूद समजावलं. गोत्र वडिलांकडून येतं, हा गट आईकडून. शिवाय हजारो वर्षं जुना. देशभर पसरलेला. एवढं जुनं नातं धरलं तर कुणाचंच लग्न व्हायचं नाही.
पलीकडून : "बात तो ठीक है जी. पर खून तो एक ही हुआ ना?"
ज्या शब्दाने जवळ घेतलं, तोच आता आडवा आलाय.
श्री म्हणतो, मीही तपासणी करतो. काय सिद्ध करायचंय कोण जाणे. करू दे.

१६ फेब्रु., रवि.
श्रीचा रिपोर्ट आला. त्याच्या आईकडूनही एम. रे.चा गट माझ्याकडूनच आलेला, म्हणजे मीही एम. श्रीने रिपोर्ट दोनदा वाचला, मग मला म्हणाला, "ताई, चहा टाक." रे. महिन्याभराने हसली. माझाही राग गेला, काय करणार.

भांडी आवरताना वाटत राहिलं. कुठली तरी एक बाई असेल. तिच्या लेकी, लेकींच्या लेकी. त्यांतली एक वाट माझ्या आईपर्यंत आली, एक पानिपतला गेली. लग्न झालं की प्रत्येकीचं गोत्र बदललं, आईकडून आलेलं हे मात्र कुणाला बदलता आलं नाही. बरं वाटलं. पण श्रीने रिपोर्ट पाठवला त्याला तिकडून उत्तर नाही.

२० फेब्रु.
दुपारी सावित्रीजींचा फोन. थेट मला, पहिल्यांदाच. त्या दिवशी आमच्याकडे चार शब्दही बोलल्या नव्हत्या.
"बहनजी, ये एम छोरे को मुझसे मिला है? बाप से नहीं?"
"हां जी, आपसे. और रेवा को मुझसे."
"तो ये दोनों आदमी महीने भर से किस बात पे बैठे हैं? हमसे तो किसी ने पूछा ही नहीं."
खरंच की. मीही कुठे तोंड उघडलं होतं.
रविवारी या म्हणाल्या. भाईसाहब को मत लाना. "मन मेरा भी अटकता है, झूठ ना बोलूं. बैठ के देखेंगे."
श्रीने विचारलं, मग मी काय करू? म्हटलं, घरी बस.
रे.ला अजून सांगितलं नाही. त्यांचं मन अडकलंय ते माझ्याने सुटेल का, माहीत नाही. पण तिच्यासाठी बोलायला या वेळी मी जाणार आहे.