राणीसाहेबांच्या कोटाचं अस्तर

भरे, ता. मुळशी
१० ऑक्टोबर २००४

ती. अनसूयामावशीस,
जुईलीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. तू संग्रहालयाला दिलेला कोट दादासाहेबांनी बदलला असावा, असा मला संशय आहे.

काल त्यांच्या धरणाकाठच्या नव्या संग्रहालयात गेले होते. संस्थानिकांनी पॅरिसमध्ये शिवून घेतलेल्या उंची कपड्यांचं प्रदर्शन आहे. राणीसाहेबांनी आजीला दिलेला मखमली कोट मधल्या काचेच्या कपाटात, अस्तर दिसेल असा उघडून टांगलाय. पाटीवर लिहिलंय, ‘पॅरिस, १९३६, संपूर्ण हातशिवण’. अस्तर मात्र मशीनवर शिवलेलं आहे. कारखान्यात मी दिवसभर कापड आणि दोरेच तपासते. आमच्या लॅबमधला जांभळा दिवा काचेशी धरला, तर दोरा निळसर चमकला. ती चमक आणणारं रसायन तेव्हा वापरातच नव्हतं. झाडलोट करणाऱ्या गोजराबाईंनी विचारलं, विंचू हुडकताय व्हय? अशा उजेडात विंचूही चमकतो, म्हणून मी हो म्हटलं.

फ्रान्सच्या संग्रहालयाची माणसं दिवाळीनंतर कोट प्रदर्शनासाठी नेणार आहेत. एकदा तो गेला की खरा कुठे आहे, हे कोणाला विचारायचं? दादासाहेबांकडे मी लेखी खुलासा मागितला आहे. तू कोट दिलास तेव्हा त्याचे फोटो काढले होतेस का, ते कळव.

काकांना नमस्कार. माझा स्वभाव ठाऊक असूनही तुझी माया आहे, ती राहू दे.
तुझी,
जुईली

वाई
१७ ऑक्टोबर २००४

चि. जुईलीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून काका म्हणाले, हिला बघायला मुलगा आला तर ही त्याच्या शर्टाचा दोरा जाळून बघेल. मला मात्र हसू आलं नाही. दादासाहेबांचंही पत्र आलंय. फार दुखावलेत. कोट परत पाठवतो म्हणतात.

अस्तर बदललं ते तुझ्या आजीनं, तुझ्या जन्माच्या वेळी. बाळाच्या अंगाला पहिलं कापड नवं, खळीचं लावायचं नाही, मोठ्यांचं वापरून मऊ झालेलं लावायचं, ही आपली रीत. तिच्याकडे सगळ्यात मऊ तेच रेशीम होतं. तिनं अस्तर उसवून तुला झबलं शिवलं आणि कोटाला बाजारातलं सॅटीन लावलं. तुझ्यानंतर ते आमच्या मनीषनं घातलं. आता सूनबाईच्या, मृण्मयीच्या बाळासाठी धुऊन ठेवलंय, तिचे दिवस भरत आलेत. दादासाहेबांना हे सांगायचं सुचलंच नाही. त्यांनी विचारलं कोटाबद्दल, झबल्याबद्दल कशाला विचारतील?

आधी जाऊन त्यांची माफी माग. जेवणखाण वेळेवर कर.
तुझी,
मावशी

भरे, ता. मुळशी
२५ ऑक्टोबर २००४

ती. मावशीस,
सा. न.

काल जाऊन माफी मागितली. दादासाहेबांनी चहा दिला, पण बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही. मग मी झबल्याची हकीकत सांगितली आणि ते एकदम खुर्ची पुढे ओढून बसले. झबलं कोटाशेजारी मांडू, दोन्ही फ्रान्सला पाठवू, म्हणाले. योग्य तापमान, कोरडी हवा, मंद उजेड, सगळं मिळेल. घरच्या पेटीत ते किती टिकणार?

माझा संशय पुन्हा जागा झाला, पण त्यांच्यावर नाही. ते म्हणत होते ते शब्दशः खरं होतं. लॅबमध्ये मला कोणी विचारलं असतं, तर मीही हेच लिहून दिलं असतं. संशय आला तो माझ्या उत्तरावर.

कोट पाठवा, म्हटलं, आणि पाटीवर अस्तराची खरी हकीकत आजीच्या नावासकट लिहा. हेमलता हे नाव त्यांनी माझ्यासमोर लिहून घेतलं. झबलं मिळणार नाही. दादासाहेब म्हणाले, "अहो, एका धुण्यात विरून जाईल ते." मी म्हटलं, "जाऊ दे."

इतकं जुनं, इतकं धुतलेलं रेशीम. माझ्या अंदाजानं त्यात एका बाळापुरती ताकद उरली असेल. ती मृण्मयीच्या बाळासाठी वापर. साबण लावू नकोस, पिळू नकोस, सावलीत वाळव.

बाळ आलं की एका ओळीचं तरी पत्र टाक.
तुझी,
जुईली