मंडळाच्या गाडीची मूळ सतरा इंची चाके उद्या सायंकाळपर्यंत मिळणेबाबत

दि. ५ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. कार्यवाह,
सिएरा मराठी मंडळ,
रोझव्हिल, कॅलिफोर्निया.

विषय: मंडळाच्या सातआसनी गाडीला बर्फाच्या साखळ्या बसाव्यात म्हणून गोडाउनमधील जुनी चार चाके मिळणेबाबत.
संदर्भ: आपले दि. ३ फेब्रुवारीचे उत्तर, "ठरावाशिवाय किल्ली नाही."

महोदय,

खुर्ची जरा पुढे ओढा आणि फोन उपडा ठेवा. एक आख्यान सांगते. ऐकून झाले की गोडाउनच्या किल्लीचे काय ते आपण ठरवा.

१. आपणांस विदित आहेच की, श्रीमती यामिनी करमरकर यांनी मंडळाच्या कीर्तनांना एकवीस वर्षे पेटीची साथ केली. सध्या त्या डोंगरापलीकडे रीनोला लेकीकडे अंथरुणाला खिळून आहेत. डॉक्टरांनी आठवड्याच्या पुढचे बोलायचे थांबवले आहे. त्यांची इच्छा एकच, कीर्तन समोर ऐकायचे. फोनवर व्हिडिओ लावून ऐकवून पाहिले. "पद्मिनी, बुवा मध्येच थिजतात गं, मी गजर उचलू कुठं?" असे म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. पुण्याहून आलेले ह.भ.प. कुमारबुवा जायला तयार आहेत, पण त्यांचे परतीचे विमान सोमवारी आहे.

२. गेल्या रविवारी आम्ही निघालोही होतो. चालकाच्या दाराच्या आतल्या पट्टीवर टायरचे माप छापलेले असते. ते मी चष्मा लावून उतरवून घेतले आणि त्याच मापाच्या साखळ्या आणल्या. नवी वस्तू पूजेशिवाय वापरू नये म्हणून खोक्याला हळदकुंकू वाहिले आणि मुहूर्ताआधी नको म्हणून ते उघडलेच नाही. चूक इथे झाली, ती मी मान्य करते.

घाटातल्या नाक्यावर सगळ्यांना साखळ्या लावायला सांगत होते. मी रस्त्याकडेला बर्फात गुडघे टेकले. साखळी चाकामागून ओढून घेतली तर दोन टोकांत चार बोटांचे अंतर! कुमारबुवांनी उपरणे कमरेला बांधून जोर लावला. आमचा तबलजी कुश म्हणाला, "काकू, ही दुसऱ्याच गाडीची आहे यार." मी म्हटले, "पट्टीवर लिहिलंय तेच आणलंय." मग त्याने खाली वाकून टायरवरचे आकडे वाचले. चाके वीस इंची! गणपतीच्या मिरवणुकीसाठी मंडळाची गाडी सांभाळणारे श्री. देवांग यांनी हौसेने मोठी चाके बसवली होती. पट्टी मात्र कारखान्यातलीच, सतराची. नाक्यावरच्या बाईंनी माझ्या लालभडक बोटांकडे पाहिले आणि "सॉरी, हनी" म्हणत गाडी वळवून दिली. तिकडे यामिनीताई सकाळपासून लेकीकडून वेणी घालून घेऊन, उशीला टेकून बसल्या होत्या.

३. मोठ्या मापाच्या साखळ्या आणाव्यात, असे आपण सुचवलेत. परंतु वीस इंची चाकांना साखळ्या लावूच नयेत, असे गाडीच्या पुस्तिकेत छापले आहे (प्रत जोडली आहे). मी स्वतः बोट घालून पाहिले. टायर आणि आतला लोखंडी दांडा यांच्यामध्ये करंगळी जेमतेम जाते. तिथे साखळी फिरली तर ब्रेकची नळी फाटायची. सतरा इंचीला बारीक कड्यांच्या साखळ्या चालतात, म्हणजे माझ्याकडे आहेत त्याच. साखळ्यांऐवजी चाकांवर चढवायचे कापडी मोजे आमच्या मापात वीस तारखेला येणार. भाड्याच्या गाडीला साखळ्या लावायला करारातच मनाई आहे.

४. कार्यकारिणीची सभा १४ तारखेला आहे. चाकांपुढे गणपतीचे मखर आहे आणि ते हलवण्यास सांस्कृतिक समितीची संमती लागते, हे आपले म्हणणे नियमाला धरूनच आहे. तरी नम्रपणे कळवते की, मखराला मी हात लावणार नाही. मी त्याच्याखालून सरपटत जाईन. वय सदुसष्ट आहे, पण मावते. चाके एकेक करून ढकलत बाहेर आणीन. आपण फक्त दार उघडून उभे राहावे, पाहिजे तर पाठ करून.

५. शनिवारी दुपारनंतर पुन्हा बर्फ आहे. सकाळी सहाला निघून दहाला कीर्तन सुरू केले तरच जमेल. शेजाऱ्यांच्या अंगणात पडलेल्या जुन्या टायरवर मी कालपासून आठ वेळा सराव केला. आधी साखळीचा मागचा आकडा अडकवायचा, मग पुढचा, मग ताण. पहिल्यांदा वीस मिनिटे लागली, आता सहा. हात स्वस्थ बसत नाहीत. पोळ्या लाटतानाही तेच चालू असते.

तरी कृपावंत होऊन उद्या सायंकाळपर्यंत किल्ली द्यावी. ठराव मागाहून करा, त्यात माझ्यावर ठपका ठेवा, सही करीन.

आणि एवढे करूनही किल्ली नाहीच जमली, तर शनिवारी सकाळी दहाला, असाल तिथे, यामिनीताईंची आठवण काढा. आरती आपण नेहमी वरच्या पट्टीत सुरू करायचात. ताई मुकाट्याने पेटीची पट्टी बदलून आपल्या सुराला मिळवून घ्यायच्या. आपल्याला कधी कळू दिले नाही. त्यांना विसरू नका.

आपली नम्र,
पद्मिनी खांबेटे
(कीर्तन सेवा समिती)