पिठाच्या डब्यातला पट्टा

त्या सकाळी चूल पेटवली, भाकरी थापल्या, खाकी शर्टाला इस्त्री केली आणि ह्यांच्या पट्ट्याचं पितळी बक्कल चिंचेनं घासून तो ज्वारीच्या पिठात पुरला. १९७८ साल, नामांतरावरून शहरात दगडफेक चालू होती. पट्टा नाही तर बंदोबस्त नाही, असा माझा बेत.

"बाने, पट्टा कुठाय?"

"मला काय ठावं? काल चोर बांधायला नेला असंल."

मी, बानाबाई मुंजाबा शिंगाडे, वय ४८, राहणार गारखेडा, औरंगाबाद, पोलीस शिपायाची विधवा. डोकं ठिकाणावर आहे. धाक कोणी घातलेला नाही. माझ्यावर तो चालतही नाही. लेक कस्तुराच्या पहिलीच्या पुस्तकावरून वाचायला शिकले, म्हणून हे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहिते.

१. दोन खोल्यांचं घर आणि शिलाई मशीन कस्तुराला. दार पावसाळ्यात फुगतं, लाथ मारावी.

२. देवगाव रंगारीच्या शेतातला माझा वाटा दीर भिकन यांना. "वहिनी, पोलिसात लई धोका. पोरीला माझ्यासारखं कंपनीत लावा," हे ते कायम ऐकवतात. वाळूजच्या प्रेस मशीनमध्ये त्यांची दोन बोटं गेली. उरलेल्या आठांवर त्यांनी धोका मोजावा.

३. पितळी हंडा शेजारच्या साळूबाईला. ती म्हणायची, पोलिसाघरी सगळं फुकट येतं. फुकट आले ते गणपतीच्या बंदोबस्तात पायाला फोड. मात्र सिल्लोडच्या बाजारात चुकलेली एक पोर ह्यांनी खांद्यावर बसवून घरी पोचवली होती. तिची आई अजून दिवाळीला करंज्या धाडते. फायदा विचाराल तर हा.

४. तो पट्टा कस्तुराला. सरकारनं टोपी, काठी परत नेली, पट्टा मागायला विसरलं. हे कस्तुराला ठाऊक नाही: तासाभरानं पट्टा सापडला, हे पीठ झटकत पळाले. उशीर झाला म्हणून साहेबांनी पहिल्या रांगेत उभं केलं. दगड तिथंच लागला. कोणी मारला, कळलं नाही. मी कोणाला दोष देत नाही, त्या डब्याशिवाय. यंदा संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं, तेव्हा फोटोपुढं म्हटलं, "झालं एकदाचं. आता घरी या."

५. सोमवारी कस्तुराला पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेचं बोलावणं आलं. ती रोज विचारते, "आई, टपाल आलं का?"

"नाय. टपालवाला आजारी असंल."

पत्र त्याच डब्यात आहे. तेही तिलाच. परीक्षा शुक्रवारी आहे आणि मृत्युपत्र मेल्यावर वाचतात, हे इथवर लिहिल्यावर ध्यानात आलं.

साळूबाई साक्षीला बसायला तयार होती. पण जिला हंडा मिळतो तिची सही चालत नाही. म्हणून दुसरे दोघे.

साक्षीदार: पुंडलिक नजन (सही), भागूबाई कडुबा गोरे (सही)
लिहून ठेवणार: बानाबाई मुंजाबा शिंगाडे (सही; अंगठा नव्हे)
गारखेडा, बुधवार, १६ मार्च १९९४

गुरुवारी लिहिलेलं: सकाळी पीठ चाळलं. कस्तुराला समोर बसवून आधी पट्ट्याची गोष्ट सांगितली, मग पत्र दिलं. नंतर तिचे कॅनव्हासचे बूट धुऊन उन्हात ठेवले.