चुरगळीची रजा

सोमवार, ३ तारीख

आजपासून रोज लिहायचं. चौथीपर्यंतच शिकले, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे. सून म्हणाली, मनात येईल ते घरभर ऐकवण्यापेक्षा लिहून काढत जा. मी मुळात कमी बोलणारी बाई. पण तिचं मन कशाला मोडा.

नातीच्या शाळेत बँडचा कार्यक्रम आहे. वीस तारखेला, गुरुवारी, दुपारी चारला. नात ट्रम्पेट वाजवते. म्हणजे फुंकते. घरी सराव करते तेव्हा नळाला पाणी येण्याआधी जसा आवाज येतो तसा येतो. यंदा तिला एक तुकडा एकटीने वाजवायचाय. गेल्या वर्षी ट्रम्पेट तोंडाला लावून नुसती उभी राहिली, आवाजच निघेना. मी पहिल्या रांगेत होते म्हणून निभावलं. डोळे मोठे केले, मान हलवली, दोन्ही हातांनी फुंक फुंक अशा खुणा केल्या. फुंकलं नाहीच तिने, पण पळूनही गेली नाही. माझ्याशिवाय त्या पोरीचं काही खरं नाही.

आज विचारत होती, आजी, तू येणारच आहेस का? म्हटलं, येणारच. तर म्हणाली, नक्की? पहिल्याच रांगेत? किती जीव पोरीचा माझ्यावर. मला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही. लिहून ठेवते इतकंच.

उद्या रजा टाकायची. एक मिनिटाचं काम.

मंगळवार, ४

सुपरवायझर म्हणाला, मावशी, तुमच्या रजा संपल्या. म्हटलं, कशा संपल्या? त्याने वाचून दाखवल्या. गुडघा. गुडघा. गुडघा. सिरियलचा शेवटचा भाग, तोही मी गुडघ्यातच घातला होता, पण मेल्याकडे कुणीतरी चुगली केली. मग परत गुडघा. म्हटलं, अरे माणसाला गुडघे दोन असतात. तर म्हणाला, दोन्हीच्या मिळून संपल्या.

हॉटेलच्या धुलाईखात्यात मी रोलरवर असते. ओली चादर इकडून आत, कडक होऊन तिकडून बाहेर. माझ्या हातच्या चादरीवर सुरकुती शोधून दाखवा म्हणावं. मी एक दिवस नसले तर सगळं हॉटेल उघड्या गादीवर झोपेल, ही धास्ती आहे त्याला. मला कळतं ते.

गुरुवार, ६

मार्ग सापडला.

एचआरमध्ये नवी पोरगी आलीय. सदा हसते, म्हणून आम्ही तिला हसरी म्हणतो. तिने जेवायच्या खोलीत भिंतभर कॅलेंडर लावलंय. सगळ्या धर्मांचे सण, सगळ्या रंगांत. आमच्या खात्यात माणसं बारा, धर्म सात, आणि एक जण कुठलाच नाही, तोच सगळ्यात जास्त रजा मारतो. हसरी म्हणाली, यापुढे ज्याचा सण त्याला त्या दिवशी वेगळी रजा. साध्या रजेत धरायची नाही. ऐकून पहिली टाळी मी वाजवली.

मग वीस तारीख बघितली. कोरी. एकोणीसला कुणाचा तरी उपास सुटतो. एकवीसला कुणीतरी जन्मलेलं आहे. वीसला काहीच नाही. हजारो वर्षांत एवढे देव, एवढे संत, एवढे साधू होऊन गेले, एकालाही वीस तारखेला जन्मता आलं नाही? मरता आलं नाही?

शुक्रवार, ७

तेराला डावखुऱ्यांचा दिवस आहे. असाही असतो म्हणे, माणसं वेगवेगळी असतात त्याचं कौतुक म्हणून. हसरीला म्हटलं, मी डावखुरी आहे, फक्त हा दिवस आठवडाभर पुढे ढकल. म्हणाली, मावशी, हा सगळ्या जगाचा आहे. म्हटलं, जगाला कोण सांगतंय? हसली, पण ढकलला नाही. वर म्हणाली, तुम्ही सही तर उजव्या हाताने केलीत.

बारीक नजर आहे. असल्या पोरी सुना म्हणून वाईट.

सोमवार, १०

काम फत्ते! आणि खोटं एक अक्षर बोलले नाही.

हसरी रोलरपाशी आली. म्हणाली, मावशी, कॅलेंडरात फक्त मोठ्या मोठ्या लोकांचे सण आलेत. छोट्या घराण्यांचे, विसरले गेलेले राहूनच गेले. तुमच्या घरचा काही खास सण होता का? समोर चादर, हातात चादर, डोक्यावर वाफ. माझ्या तोंडून निघालं, चुरगळी. म्हणाली, चुरगळी? म्हटलं, हो. त्या दिवशी आमच्यात इस्त्रीला हात लावत नाहीत. तिला विश्रांती. सगळ्यांनी चुरगळलेले कपडे घालायचे. म्हणाली, किती सुंदर! कधी असते? म्हटलं, वीस तारखेला.

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाफेनं असेल.

आता रात्री आठवून बघते तर आमची पणजी वर्षातून एखादा दिवस इस्त्री करायची नाहीच. म्हणजे सण होताच. मी नुसतं नाव दिलं.

बुधवार, १२

कॅलेंडरावर वीस तारखेला जांभळ्या रंगात चुरगळी. सुपरवायझर बराच वेळ तिथे उभा होता. मला विचारलं, मावशी, गेली एवढी वर्षं तुम्ही या दिवशी कामावर यायचात, ते? म्हटलं, मन मारून यायचे.

हसरीने आणखी माहिती विचारली. सांगितली. त्या दिवशी सपाट काही खायचं नाही, गोल चालतं. उंबऱ्यात एक न धुतलेला रुमाल ठेवायचा. मोठ्यांनी लहानांची कॉलर वाकडी करायची. हे सगळं आपोआप आठवत गेलं. रक्तात असतं.

नातीला सांगितलं, रजा झाली. म्हणाली, झाली? मग जेवलीच नाही. आनंदानं पोट भरतं लहान मुलांचं.

शुक्रवार, १४

घात!

आमच्याकडे चादरींच्या घड्या घालणारी एक आहे. तिला घडीवालीच म्हणतात. तिचा नातू त्याच बँडमध्ये ढोल बडवतो. आज सगळ्यांसमोर म्हणाली, अगं बाई, चुरगळी ना? आमच्या आजोळी पण असते! आणि तिनेही रजा टाकली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आणखी चौघांच्या आजोळी निघाली. तो कुठल्याच धर्माचा नसलेला, तोसुद्धा म्हणाला, श्रद्धा नाही, पण परंपरा म्हणून पाळतो.

तेही चाललं असतं. पण घडीवाली हसरीला सांगत होती की चुरगळीला डाव्या पायात मोजा उलटा घालतात. मी तिथल्या तिथे ठणकावलं, मोज्याचा काही संबंध नाही! म्हणाली, तुमच्यात नसेल, आमच्यात उलटा मोजा आधी, बाकी सगळं नंतर. म्हटलं, तुझ्या सात पिढ्यांत चुरगळी नव्हती. म्हणाली, आणि तुझ्या? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाने निदान दुसऱ्याच्या धर्मात लुडबुड करू नये.

हसरीने दोन्ही लिहून घेतलं. म्हणाली, किती छान, यात पंथसुद्धा आहेत.

सोमवार, १७

खातं दुभंगलं. सहा जण मोजेवाले. पाच जण माझ्या बाजूचे, म्हणजे खऱ्यातले. मोजेवाल्यांशी मी बोलत नाही. घडीवालीला चादर देताना तोंड फिरवून देते. आज तिने माझ्या चादरीला मुद्दाम चारऐवजी तीनच घड्या घातल्या.

बाराच्या बारा जणांची वीसला रजा. सुपरवायझर डोकं धरून बसला होता. हसरी त्याला समजावत होती की खोल्यांत चुरगळलेल्याच चादरी घालू आणि उशीवर माहितीचं कार्ड ठेवू, पाहुण्यांना आवडेल. एवढी वर्षं रोलरवर घालवली, आणि आता माझ्याच नावाने पाहुण्यांना सुरकुत्या? पण धर्म म्हटला की सोसावं लागतं.

मंगळवार, १८

हसरी म्हणाली, वीसला दुपारी तीन वाजता लॉबीत छोटासा कार्यक्रम आहे, तुम्हीच बोलायचं. म्हटलं, माझी रजा आहे. म्हणाली, फक्त दहा मिनिटं, सण तुमचा, तुम्हीच नसलात तर कसं दिसेल? म्हटलं, घडीवालीला बोलव. म्हणाली, बोलवू? त्या मोज्याचं सांगतील.

म्हटलं, येते.

हिशोब साधा आहे. दहा मिनिटं बोलायचं. शाळा दोन गल्ल्या पलीकडे. साडेतीनला मी पहिल्या रांगेत. मी कमी बोलणारी, दहा मिनिटंसुद्धा भरायची कशी हाच प्रश्न.

बुधवार, १९

नातीने परत विचारलं, आजी, तुला उद्या कामावर बोलावलंय ना? मग राहू दे ना. मी समजले. माझी ओढाताण नको म्हणून म्हणते. एवढ्याशा वयात केवढी समज. म्हटलं, काळजी करू नको, काही झालं तरी तुझ्यासमोर बसलेली असेन. तोंड एवढंसं झालं तिचं. मला असलं बघवत नाही, म्हणून भांडी घासायला गेले.

गुरुवार, २०. सकाळ

साडी मुद्दाम चुरगळली. हात धजेना. शेवटी तिच्यावर बसले.

गुरुवार, २०. संध्याकाळ

यात माझी चूक नाही. हे आधी लिहिते.

लॉबी भरलेली. मॅनेजर चुरगळलेल्या कोटात, हसरीची कॉलर वाकडी, पाहुणे फोटो काढतायत. आमच्या खात्याचं कुणी नाही, सगळे सणाला गेलेले. माझ्या हातात माइक दिला. मी आयुष्यात पहिल्यांदा माइक धरला. आपला आवाज चारी भिंतींवर आपटून परत येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पणजीचं थोडक्यात सांगितलं. तिच्या हातून नवऱ्याचा लग्नातला कोट जळाला, तिने इस्त्री विहिरीत टाकली, मग इस्त्री स्वप्नात येऊन रडली. एवढंच सांगणार होते. पण लोक टाळ्या वाजवायला लागले. मग मोज्याची अंधश्रद्धा कशी घुसली तेही सांगणं भाग होतं, नाहीतर चुकीची माहिती पसरते. एका पाहुण्याने विचारलं, हा सण चंद्रावर ठरतो की सूर्यावर? म्हटलं, वाफेवर. त्यावर खूप वेळ टाळ्या. मग मॅनेजर म्हणाला, एखादं गाणं? गाण्याला किती कडवी आहेत ते मला तरी आधी कुठे माहीत होतं.

हसरी दोनदा घड्याळ दाखवून गेली. मला वाटलं, नवं घड्याळ आहे, दाखवतेय.

बाहेर पडले तेव्हा पावणेपाच झाले होते. धावले. म्हणजे गुडघे जेवढं धावू देतात तेवढं. शाळेच्या फाटकातून लोक बाहेर येत होते. सगळ्यांत पुढे घडीवाली. डाव्या पायात उलटा मोजा.

म्हणाली, तुझी खुर्ची रिकामी होती म्हणून बसले हो.

शुक्रवार, २१

आज घडीवालीशी बोलावं लागलं, नातीचं कळायला दुसरं कोण. सुनेने मोबाइलवर काढलंय, पण त्यात पुढच्या माणसाचं टक्कलच आहे, आणि तिला विचारलं तर नुसतं छान झालं म्हणते.

घडीवाली म्हणाली, पोरीने तुकडा न अडखळता वाजवला. एकदासुद्धा थांबली नाही. लोक उभे राहिले. बाजूची बाई विचारत होती, कुणाची हो मुलगी? मी विचारलं, मग तू काय सांगितलंस? म्हणाली, सांगितलं की हिची आजी चुरगळीची मुख्य आहे, धर्मकार्यात अडकलीय. बरं बोलली. पण मोज्याचं मी मान्य करणार नाही.

खातं काल दिवसभर बंद होतं आणि हॉटेलात काहीही झालं नाही. एका पाहुण्याने तर चादर छान होती म्हणून लिहून दिलंय. सुपरवायझरने ते मला दोनदा वाचून दाखवलं.

रात्री नात माझ्याजवळ येऊन बसली. म्हटलं, माझ्याविना घाबरली असशील. म्हणाली, नाही आजी. गेल्या वर्षी घाबरले होते. तू समोर बसून अशी बघत होतीस, मला वाटलं माझं काहीतरी चुकलंय आणि घरी जाऊन मार बसणार. म्हटलं, अगं, धीर देत होते मी! म्हणाली, हो? मग तू रागावतेस तेव्हा कशी दिसतेस?

मी काही बोलले नाही. मुळातच कमी बोलते.

मग ती माझ्या खांद्याला टेकली आणि हळूच म्हणाली, आजी, पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी पण चुरगळी येईल का?

म्हटलं, सण काय माणसाच्या सोयीने येतात?

उद्या हसरीला भेटायचं आहे.