चौतीस मिनिटांचा चंद्र

१४ रमजान, मंगळवार
आगादीरला समुद्रासमोर सहा खोल्या घेतल्या. ईदचा दिवस आणि दुसरा दिवस. दर निम्मा. अटी: बदल नाही, परतावा नाही, पहिल्या संध्याकाळी सहापर्यंत पोचलो नाही तर सहाही खोल्या दुसऱ्यांना.
हॉटेलातल्या बाईंनी विचारलं, "ईद गुरुवारची धरलीत?" म्हटलं, गुरुवारचीच आहे. त्यांनी 'चंद्र दिसेल तेव्हा' असा थोडा महाग दर सुचवला. म्हणजे गणित न येणाऱ्यांना दंड. नाकारला. मी खाणीत मोजणी करते. एकोणतिसाव्या संध्याकाळी, बुधवारी, सूर्यास्तानंतर चंद्र चौतीस मिनिटं क्षितिजावर आहे. आकाशात आहे म्हणजे दिसणार.

१५ रमजान
बाबा आत्याला म्हणाले, मला ऐकू जाईल अशा बेताने, "घरची एकवीस माणसं आगादीरला नीट नेऊन आणू दे तिला. मग तंजियरच्या नोकरीचं बघू."
तंजियरला एकटीने राहायची परवानगी मिळाली. जवळजवळ. नोकरी देणाऱ्या तिथल्या बंदरवाल्यांना ईदनंतर आठवड्यात होकार कळवायचाय.

२१ रमजान, मंगळवार
आजोबांची अट: ईदची नमाज आपल्याच मोहल्ल्यात, मगच बस हलेल. रोज्यात प्रवास नाही. मान्य. नमाज आठला, बस दहाला, आगादीर चारला. दोन तास हातात राहतात. नाडी ८८. रोज्यामुळे.

२६ रमजान, रविवार
इफ्तारला बूशाइब काका हरीरा सूपचा वाडगा पुढे करत म्हणाले, "काय विआमबाई, चंद्राचा होकार आला का?" सगळे हसले. मीही.
मग गणित पुन्हा केलं. चौतीस. तिसऱ्यांदाही चौतीस. भीती वाटत नाही, ही पडताळणी आहे.
हॉटेलला सहज फोन केला. दर बदलता येईल? "आता नाही हो ताई. तुम्हीच ठासून सांगितलंत ना, गुरुवारच."

२८ रमजान, मंगळवार
सगळे बॅगांसकट आमच्याकडे मुक्कामाला. नज्हा आत्याने पोहायचे नवे कपडे धुऊन गच्चीवर वाळत घातलेत, रस्त्यावरून दिसतील असे. नाडी १०४. दिवसभर पाणी नाही म्हणून.
आकाश स्वच्छ. पश्चिमेला एक ढग आहे, पण लहान.

२९ रमजान, बुधवार, सूर्यास्तापूर्वी
मोजणीची दुर्बीण गच्चीवर लावली. कोन पक्का केला. आजोबांनी डोळा लावून पाहिलं. "शेजाऱ्यांची चादर दिसते," म्हणाले. मी कोन पुन्हा पक्का केला.

त्याच दिवशी, नंतर
एकवीस माणसं पश्चिमेकडे बघत उभी. मिनिट पाच. मिनिट वीस. काका कानाशी, "लाजतोय गं तुझा चंद्र." मिनिट चौतीस.
माझा चंद्र तिथे होता. हे लिहून ठेवते. फक्त दिसला नाही. टीव्हीवर सांगितलं, देशात कुठेच दिसला नाही, उद्या रोजा.
सगळे खाली जाऊन बॅगा उघडायला लागले. हे जास्त वाईट. आत्याने तेवढं विचारलं, "खोल्यांचं तुझ्याकडेच ना, विआम? मग उद्याही कोण कुठे झोपणार ते सांग. इथे तीन आहेत."
हॉटेलवाल्या बाई म्हणाल्या, नाइलाज आहे. उद्याचा रोजा सोपा जावो, असंही म्हणाल्या.

ईद (खोडलं) ३० रमजान, गुरुवार
सहा वाजले तेव्हा मी घड्याळाकडे बघत नव्हते. सहा वाजून एक मिनिटाने बघितलं.
बाबांना विचारलं, तंजियर? ते शबाकियाची मिठाई ताटात रचत होते. वर न बघता म्हणाले, "चंद्र दिसला की बोलू."
हा नकार नाही. चंद्र आज दिसणारच. पंच्याऐंशी मिनिटं क्षितिजावर.
इफ्तारनंतर गच्चीवरून हाका आल्या, "विआम, ये, बघून जा!" दुर्बिणीची गरज नव्हती. काकांच्या धाकट्या मुलीलासुद्धा दिसला. मी धावत खाली आले.
बाबा झोपले होते. ईदच्या आदल्या संध्याकाळी, साडेसात वाजता, बूट घालून.