मे महिन्यातलं गणित

अण्णा,

तुमच्या नातीने परवा रविवारी मला पकडलंच. मी ओट्याशी बांगडे साफ करत होते, हात माशाने बरबटलेले, आणि ही वही घेऊन दारात उभी. अकरावी सायन्सला आहे आता, इथे रत्नागिरीतच. उंचीला तुमच्यावर गेलीय, हट्टालाही. "आई, उद्या टेस्ट आहे. एक्सचा वर्ग वजा चार एक्स अधिक तेरा बरोबर शून्य. वर्गमुळाच्या चिन्हाखाली उणे छत्तीस येतात. पुढे मला झेपत नाहीये." मी नेहमीचं बोलले, "ते मला येत नाही. बाबांना विचार." तर म्हणते, "बाबांनीच तुझ्याकडे पाठवलंय."

वर्गमुळाखाली उणे संख्या म्हटल्याबरोबर मला पालीच्या पुढची आपली ती कौलारू शाळा दिसायला लागली. दहावीचा वर्ग. तुम्ही फळ्यावर वर्गसमीकरणाचा आलेख काढताय, आडव्या अक्षाच्या वर अधांतरी ठेवलेल्या वाटीसारखा. "बघा, ही खालच्या रेघेला टेकतच नाही. म्हणून वास्तव मुळे नाहीत. एवढं लिहा आणि पुढचं गणित घ्या." मी पहिल्या बाकावर, आणि मला कुठलं राहवतंय! "पण अण्णा, उणे संख्येचं वर्गमूळ असतं तरी काय?" अख्खा वर्ग फिदीफिदी हसतो. घरातून निघताना तुम्ही रोज बजावायचात, शाळेत 'सर' म्हणायचं. तुम्ही वळतसुद्धा नाही. "वर्गात कोणी अण्णा नाहीत. बस खाली."

त्या संध्याकाळी तुम्ही पडवीत हातांना खोबरेल चोपडून भाजीचा फणस कापत होता आणि मी खांबाला टेकून गाल फुगवून बसले होते. "फुगलीस काय गो बाय? प्रश्न चांगला होता तुझा. पण त्याचं उत्तर दहावीच्या पुस्तकात मावत नाही. पेपर होऊ देत, मे महिन्यात बसू. एका दुपारचं काम आहे." मग डोळे बारीक करून म्हणालात, "गंमत आहे त्यात. उत्तर येतं. आणि ताळासुद्धा जमतो!" ताळा म्हणजे तुमचं दैवतच. आलेलं उत्तर परत समीकरणात घालायचं, शून्य येतंय का बघायचं, तोवर खाली दोन रेघा मारायच्या नाहीत. बिनताळ्याच्या उत्तराला तुम्ही पोटच्या पोरीचेही मार्क कापलेत.

पेपर झाले. मे महिना काही आला नाही, निदान आपल्या घरी नाही. त्याच्या आधीच एका दुपारी तुम्ही जेवून पडवीत आडवे झालात, आणि चहाला हाक मारायला मी आले तर... असो. ते नाही लिहीत. त्या वर्षी दारातले आंबे उतरवायलाही कोणी गेलं नाही.

मग कॉलेज सुरू झालं. तो धडा लागला त्या दिवशी मी उठून बाहेरच जाणार होते. कोण कुठला घाटावरचा सर, तो माझ्या अण्णांचं गणित शिकवणार! पण पाय निघाला नाही. शेवटच्या बाकावर बसून राहिले आणि मेलं सगळं कळलं. त्याचाच राग आला. इतकं सोपं होतं, तुम्हाला खरोखर एक दुपार पुरली असती. तेव्हापासून कोणी विचारलं की मी सांगते, मला ते येत नाही. परीक्षेतही सोडून दिलं. लोकांना वाटलं कच्ची आहे, वाटू दे. येत नाही म्हटलं की ते तुमच्याकडून शिकायचं राहिलेलं असतं. तेवढंच तर तुमचं येणं शिल्लक होतं अण्णा, ते मी आपल्या हाताने कसं संपवू?

पण परवा पोरगी रडकुंडीला आली. "जाऊ दे, मी तो धडाच सोडून देते," म्हणाली आणि वही मिटली. माझं मी सोडलं ते सोडलं, तिने का सोडावं? हात धुतले. फ्लॅटला पडवी कुठली, गॅलरीत जाऊन बसलो. "उणे छत्तीसचे दोन तुकडे कर. छत्तीस आणि उणे एक. छत्तीसचं मूळ सहा. उणे एकचं सापडत नाही ना? मग त्याला नाव देऊन टाक, आय. आयचा वर्ग उणे एक, एवढं धरून चाल." तिने भराभर लिहिलं. दोन अधिक तीन आय, दोन वजा तीन आय. आणि रेघ मारायला पट्टी उचलली. "थांब!" मी ओरडलेच. "ताळा कोण करणार, तुझा बाप?"

बसली बिचारी करायला. मी टक लावून बघत होते, कारण हा ताळा मीही कधी केला नव्हता. तेवढा तुमच्यासाठी ठेवला होता. पहिल्या उत्तराचा वर्ग केला, उणे पाच अधिक बारा आय. त्यातून चार एक्स गेले, म्हणजे वजा आठ, वजा बारा आय. बारा आयला बारा आय उडाले. उरले उणे तेरा, त्यात तेरा मिळवले. शून्य. "आई, आलं!" म्हणून ती नाचायला लागली आणि मला समोरचं काही दिसेना. तुम्ही हवे होतात हो. नुसते बाजूला बसून "हं" म्हणायला तरी.

तिने दोन रेघा मारल्या, पट्टीने, नीट. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला येतं की गो! मग इतकी वर्षं येत नाही, येत नाही काय लावलं होतंस? कोणी शिकवलं तुला हे?"

हे पत्र काही कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी म्हटलं, "तुझ्या आजोबांनी. मे महिन्यात, एका दुपारी."