दोरीपलीकडची चूल

प्रिय वहिनी,

पत्र बघून घाबरू नकोस, मी मजेत आहे. मोबाइलवर लिहिलं असतं तर तुझ्याआधी दादाने वाचलं असतं. पाकीट फोडून चार पानं वाचायचा मात्र त्याला कंटाळा, म्हणून हा पोस्टाचा खटाटोप. मागे व्हिडिओ कॉलवर तुझ्यामागच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला खडूची लांब रेघ दिसली. विचारलं तर म्हणालीस, पोरांनी ओढली असेल. पोरं इतकी सरळ रेघ ओढतात होय गं? तुला स्वयंपाकघरात ओटा हवाय. आणि माझं नाव पुढे करून नानांचं एकच पालुपद, साधना आली की बघू. त्यावर येतेच, आधी गंमत ऐक.

नोकरीतून सुट्टी काढून, पाठीवर बोचकी लादून आम्ही ऑस्ट्रेलियाभर भटकतोय. मी, यशश्री आणि गौरांग. काल इंग्रजांच्या काळातलं एक गाव बघितलं, जसंच्या तसं जपलेलं. लोहार, सुतार, पाववाला, सगळे जुन्या पोशाखात, पण पगारी. संध्याकाळी फाटक लागलं की गावात चिटपाखरू उरत नाही. एका घरात चूल पेटलेली दिसली आणि यशश्रीने उंबऱ्याबाहेर बूट काढले. पंचवटीतल्या भटजींची पोर ती, चुलीपाशी पायताण घालून कशी जाईल? तिचं बघून आम्हीही काढले. मागून आलेल्या गोऱ्या म्हाताऱ्यांना वाटलं, इथला नियमच असणार. बघता बघता दाराशी देवळाबाहेर असतो तसा जोड्यांचा ढीग! एक आजोबा फाटका मोजा लपवत एका पायावर उभे. हसून हसून माझं पोट दुखलं.

आत चुलीच्या अलीकडे आडवी दोरी होती. पलीकडे घोळदार झगा घातलेली जोन नावाची बाई वाकून पाव भाजून दाखवत होती. मला एकदम आपलं मखमलाबादचं स्वयंपाकघर दिसलं. काजळीने काळी झालेली भिंत, जमिनीवरची चूल, आईचा पाट. रडूच आलं. आई गेल्यापासून नानांनी तिथलं उलथनंसुद्धा हलवू दिलेलं नाही. गॅस आणला, तोही चुलीशेजारी जमिनीवर. मी येईन तेव्हा आई आत्ताच उठून गेली असं मला वाटावं, म्हणून. किती जीव आहे त्यांचा माझ्यावर!

मग मी जोनला विचारलं, घरीही अशीच चूल आहे का? ती खो खो हसली. घरी ती उभ्याने रांधते. इथे वाकून कंबर धरते, म्हणून बायका आळीपाळीने काम करतात. तिची वेळ संपल्यावर ती जीन्स घालून गाडीत बसून गेलीसुद्धा. आणि मला कमरेला पट्टा बांधून भाकरी थापणारी तू आठवलीस. तुझ्या जागी बसायला कोण येतं?

आता हे पत्र नानांना मोठ्याने वाचून दाखव. नाना, माझ्यासाठी ते घर जपू नका. वर्षातून आठ दिवस येणाऱ्या मुलीला आई आठवावी म्हणून रोज राबणारीची कंबर मोडायला नको. आईला आठवायला मला चूल लागत नाही. वहिनी, उद्याच गवंडी बोलाव. ओटा तुझ्या उंचीचा कर. आईची काळी कढई तेवढी ठेव, पण फळीवर नाही हं. मी आले की तीत शेवभाजी कर, मी तुझ्या शेजारी उभी राहून भाकरी थापेन.

तुझीच आगाऊ नणंद,
साधना